तमाचा, तमंचा आणि ठाण्याचा तुरुंग

घरात पिस्तूल आलं त्या दिवशी आपाने दाराला कडी घातली आणि खिडकीचा पडदाही ओढला. पिस्तूल म्हणजे एअर पिस्तूल, भाच्याच्या नेमबाजीसाठी. बैकालचं, रशियातल्या इझेव्स्कला बनलेलं. क्लबातल्या एका जुन्या खेळाडूकडून सेकंडहँड घेतलं, कारण नवं जर्मन किंवा इटालियन पिस्तूल आमच्या ऐपतीबाहेरचं. हे जुन्या वळणाचं आहे. नव्यांसारखी हवेची नळकांडी त्याला नाही. प्रत्येक वेळी लांब दांडा एकदा उघडून मिटायचा, की त्या एका दाबाची हवा एका छर्‍याला पुरते. साठ छर्रे मारायचे तर साठ वेळा दांडा ओढायचा. भाचा म्हणतो, "मामू, यात हाताचा व्यायाम फुकट मिळतो."

ठाण्याच्या रेंजवर मीही दहा छर्रे मारून पाहिले. लक्ष्य दहा मीटरवर आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. बघताना सोपं वाटतं. पण हात सरळ केला की नळीच्या टोकावरची माशी खरोखरच्या माशीसारखी फिरू लागते. चाप दाबायचा नसतो, तो आपोआप सुटेपर्यंत बोट आवळत राहायचं असतं, असं प्रशिक्षक सांगत होते. माझे चार छर्रे काळ्या भागात लागले. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

मी भाषेचा मास्तर, त्यामुळे घरी येताना डोक्यात गुण नव्हते, शब्द होते. पिस्तूल हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, काडतूसही त्यांच्याकडूनच. बंदूक अरबी आहे. मूळ अर्थ हेझलनट नावाचं गोल कवचाचं फळ, मग तशी गोळी, मग ती गोळी मारणारं हत्यार. तोफ तुर्की. गोलंदाज फारसी, तो आता वानखेडेवर लाल चेंडू टाकतो. आणि आपल्या उर्दूतला तमंचा? तो तुर्की 'तबांजा'वरून आला आणि तुर्कांनी तो फारसीतून उचलला होता, जिथे त्याचा अर्थ थप्पड. म्हणजे तमाचा आणि तमंचा ही एकाच घरची भावंडं. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने लगेच शेजाऱ्याला तमंचा लगावला.

शब्द आले तशी माणसंही आली. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, नावावरूनच तुर्कांच्या मुलखातला. इकडे वसई-ठाण्याच्या पट्ट्यात पोर्तुगीज होते. ठाण्याचा किल्ला त्यांनी 1730 मध्ये बांधायला घेतला. तो 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. आज त्याला आपण ठाणे सेंट्रल जेल म्हणतो. रेंजवरून स्टेशनकडे येताना रिक्षा त्याच भिंतीवरून गेली आणि भाच्याच्या मांडीवर पिस्तुलाची पेटी होती.

त्या भिंतीआड 19 एप्रिल 1910 रोजी तिघांना फाशी दिली गेली: अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या. कान्हेरे औरंगाबादेत, निजामाच्या राज्यात शिकणारा पोरगा. वय अठराच्या आसपास. जॅक्सनने बाबाराव सावरकरांचा खटला वरच्या कोर्टात पाठवला होता, पण संस्कृतच्या व्यासंगामुळे लोक त्यालाच 'पंडित जॅक्सन' म्हणत. शाळेच्या पुस्तकात यातलं एकच वाक्य उरतं.

मला त्या गोष्टीतली ट्रंक जास्त बोलकी वाटते. वि. दा. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, ती इंडिया हाउसच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या चतुर्भुज अमीनने ट्रंकेच्या खोट्या तळात लपवून 1909 च्या सुरुवातीला मुंबईत आणली. युरोपात ब्राउनिंग बेल्जियमच्या हेर्स्टालमध्ये कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडत, खिशात मावतील अशा. तिथे तो दुकानातला माल होता. इथे 1878 च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं आणि युरोपियनांना मात्र सूट होती. वस्तू तीच, प्रश्न धरणारा कोण हा. गांधीजींनीही 1918 च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्याला इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरलं होतं.

त्याच गांधीजींना तीस वर्षांनी परदेशी पिस्तुलानेच मारलं. बेरेटा, 1934 मध्ये इटलीत बनलेलं, क्रमांक 606824, खुनाच्या दोन दिवस आधी ग्वाल्हेरला मिळवलेलं. आमचे दादाजान सांगत, त्या संध्याकाळी कल्याणच्या मोहल्ल्यात कुणी चूल पेटवली नाही. दुःख होतंच, पण भीती त्याहून मोठी होती. मारणारा आपल्यातला तर नाही ना? मारेकरी हिंदू आहे हे रेडिओवर मुद्दाम सांगितलं गेलं, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. आणि मग त्याची जात कळल्यावर पुण्यात, साताऱ्या-सांगलीकडे, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, ज्यांनी ते पिस्तूल कधी पाहिलंही नव्हतं. दादाजान हे सांगताना आवाज खाली आणत. "आमची सुटका झाली ती त्यांच्या घरांवर गेली," एवढंच म्हणत.

पुढे 1959 चा शस्त्रकायदा आला, गोऱ्यांची सूट गेली, परवाना सगळ्यांनाच. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून पिस्तूल आणणं बंद झालं, त्यामुळे आजोबांच्या काळातल्या वेब्लीला आज सोन्याचा भाव आहे. 9 मिलिमीटर, .38, .45 ही मापं खाजगी माणसाला मनाई, म्हणून परवान्यावर बहुतेक .32 च दिसते. 2019 पासून एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं. नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंचे नियम वेगळे. आणि आमच्या बैकालसारखं 4.5 मिलिमीटरचं, 20 ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्यातून मोकळं आहे.

कायद्याच्या दृष्टीने इथे विषय संपतो. आपाच्या दृष्टीने तिथे सुरू होतो. "कायदा तुला माहीत आहे, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला माहीत आहे का?" असं तिने विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही. तिने एक प्लास्टिकची पिशवी केली आहे. त्यात बिल, क्लबचं पत्र, ओळखपत्राच्या दोन प्रती आणि नियमाचं ते पान, मी त्यावर लाल पेनाने खूण केलेलं. छर्‍यांचा डबा वेगळ्या पिशवीत. पेटीला कुलूप. भाचा डब्यात कधी पेटी उघडत नाही, फोनवर 'पिस्तूल' हा शब्द उच्चारत नाही, 'मशीन' म्हणतो. त्याच्याबरोबर सराव करणारा डोंबिवलीचा मुलगा पाठीवरच्या सॅकमध्ये पिस्तूल टाकून वडापाव खात येतो. दोघे चांगले मित्र आहेत. पण त्याच्या आईने अशी पिशवी केलेली नाही.

मागच्या महिन्यात एका स्टेशनवर तपासणीत पेटी उघडायला लावली. मी बरोबर होतो. भाच्याने न बोलता पिशवी पुढे केली. हवालदारसाहेबांनी नाव वाचलं, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, परत कागद वाचले, एकूणएक. मग विचारलं, "किती लागतात?"

"साठ मारायचे असतात साहेब. सहाशेपैकी पाचशे बावीस."

"आमच्या पोरालाही घालायचं आहे. हे केवढ्याला पडलं?"

भाच्याने किंमत सांगितली, क्लबची फीही सांगितली. मागे रांग खोळंबली होती. साहेबांनी पिशवीतले कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत लावून दिले.

घरी हे सांगितल्यावर आपा हसली. मग उठून कपाटातून नवी पिशवी काढली, कारण जुनीची कड फाटली होती.