वैद्यकीय शोधनिबंध : हस्तलिखितापासून प्रकाशनापर्यंतचा प्रवास

रायगड जिल्ह्यातील महाड येथे विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांची निरीक्षणे १९८० च्या दशकात लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषामुळे हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, ही माहिती त्यामुळे कोकणाबाहेरील डॉक्टरांपर्यंत पोहोचली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात प्रकाशित झाला. प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांच्या मदतीने नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटविता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात सेवा देण्याच्या राष्ट्रीय धोरणाला या कामाचा आधार मिळाला.

या दोन्ही उदाहरणांत संशोधन मोठ्या महानगरात झालेले नव्हते. ते जगासमोर आले ते रीतसर लिहिलेल्या, परीक्षणातून पार पडलेल्या शोधनिबंधामुळे. पदव्युत्तर विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक आणि ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर यांना आज या प्रक्रियेची माहिती असणे आवश्यक झाले आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी मान्यताप्राप्त सूचींत समाविष्ट नियतकालिकांतील प्रकाशने विचारात घेतली जातात. मात्र निबंध पाठविण्यातील चुकांचा परिणाम केवळ लेखकाच्या कारकिर्दीपुरता मर्यादित राहत नाही. चुकीचा निष्कर्ष छापला गेला, तर त्याचे मोल रुग्णाला मोजावे लागते.

लेखनापूर्वीची तयारी

निबंधाची खरी सुरुवात लेखनाने होत नाही, ती संशोधनाच्या आखणीने होते. मानवी सहभाग असलेल्या प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि केंद्र सरकारचे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ हे यासंबंधीचे मुख्य आधार आहेत. अभ्यास पूर्ण झाल्यानंतर घेतलेली परवानगी ग्राह्य धरली जात नाही. जुन्या रुग्णनोंदींवर आधारित अभ्यासात रुग्णाच्या लेखी संमतीची अट शिथिल होऊ शकते. परंतु ती शिथिल करण्याचा अधिकार समितीचा असतो, संशोधकाचा नव्हे.

उपचारपद्धतीची चाचणी असल्यास नोंदणीची अट येते. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नियंत्रित चाचण्यांसाठी ही नोंदणी अनिवार्य केली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण चाचणीत सामील होण्यापूर्वीच नोंदणी करणे बंधनकारक आहे. यामागील कारण स्पष्ट आहे. चाचणीचा मुख्य निकष आधीच जाहीर असेल, तर निकाल हाती आल्यावर सोयीचा निकष पुढे करता येत नाही, तसेच प्रतिकूल निकाल दडवून ठेवणेही अवघड होते. नोंदणी क्रमांक नसलेली चाचणी बहुतांश प्रतिष्ठित नियतकालिके विचारातच घेत नाहीत.

लेखक कोण?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक लहान गट १९७८ मध्ये कॅनडातील व्हॅन्कुव्हर येथे भरला होता. त्यातूनच वैद्यकीय नियतकालिक संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आकाराला आली. हस्तलिखिताची रचना, संदर्भांची पद्धत आणि लेखकत्व यांविषयीच्या या समितीच्या शिफारशी आज जगभर मानल्या जातात. क्रमांक देऊन संदर्भ लिहिण्याची पद्धत आजही ‘व्हॅन्कुव्हर शैली’ म्हणूनच ओळखली जाते.

लेखकत्वासाठी समितीने चार अटी घातल्या आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक फेरतपासणी करण्यात सहभाग असावा. अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली असावी. आणि कामाच्या प्रत्येक भागाविषयी उत्तरदायित्व स्वीकारलेले असावे. चारही अटी पूर्ण करणाऱ्यालाच लेखक म्हणता येते. इतरांचा उल्लेख ऋणनिर्देशात होतो. विभागप्रमुख म्हणून आदरापोटी घातलेले नाव जसे नियमबाह्य, तसेच प्रत्यक्ष राबलेल्या निवासी डॉक्टरचे नाव वगळणेही नियमबाह्यच. नावांचा क्रम प्रारंभीच ठरवून लेखी नोंदविल्यास पुढील कटुता टळते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांना लेखक म्हणून स्थान नाही, कारण ती उत्तरदायित्व स्वीकारू शकत नाहीत. अशा साधनांचा वापर केला असल्यास तो निबंधात व सोबतच्या पत्रात नमूद करावा लागतो.

नियतकालिकाची निवड

विषय, वाचकवर्ग आणि अभ्यासाची व्याप्ती पाहून नियतकालिक निवडले जाते. भारतात ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून प्रसिद्ध होत आहे. मुंबईतील सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ १९८८ मध्ये सुरू झाले. मुंबईतूनच १९९३ मध्ये उदयाला आलेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे वैद्यकीय नीतीला वाहिलेले आहे. याशिवाय बालरोग, शल्यचिकित्सा, क्षयरोग आदी शाखांच्या संघटनांची स्वतंत्र नियतकालिके आहेत.

निवड करताना निबंधाचा प्रश्न स्थानिक आहे की सार्वत्रिक, हे प्रामाणिकपणे तपासावे लागते. एका जिल्ह्यातील सर्पदंशाची पाहणी परदेशातील सर्वसाधारण नियतकालिक कदाचित नाकारील. देशातील नियतकालिकाला मात्र ती मोलाची वाटू शकते. एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा, हा नियम अनुल्लंघनीय आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविलेला निबंध उघडकीस आल्यास दोन्हीकडून नाकारला जातो आणि संपादक लेखकाच्या संस्थेलाही कळवू शकतात. पहिल्या नियतकालिकाने नकार दिल्यानंतर किंवा लेखकाने रीतसर माघार घेतल्यानंतरच दुसरीकडे जाता येते.

फसव्या नियतकालिकांचा सापळा

प्रकाशनाच्या सक्तीचा फायदा घेणारी नियतकालिके हा भारतीय संशोधकांपुढील मोठा धोका आहे. शुल्क घेऊन, कोणतेही खरे परीक्षण न करता निबंध छापणाऱ्या अशा नियतकालिकांना अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी ‘प्रिडेटरी’ म्हणजे भक्षक हे विशेषण लावले. हैदराबादस्थित एका प्रकाशन समूहाविरुद्ध अमेरिकेतील संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. खोटे परीक्षण आणि लपविलेले शुल्क हे त्या प्रकरणातील प्रमुख आक्षेप होते.

अशी नियतकालिके ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ‘आदरणीय महोदय’ म्हणत अनोळखी ई-मेलवरून निबंधाची मागणी होते, काही दिवसांतच स्वीकृतीचे आश्वासन दिले जाते, प्रसिद्ध नियतकालिकाशी मिळतेजुळते नाव धारण केले जाते आणि स्वीकृतीनंतर अचानक शुल्काची मागणी येते. संपादक मंडळावर ज्यांची नावे छापली आहेत त्यांना त्याची कल्पनाही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे पडताळणीची जबाबदारी आता अधिक प्रमाणात संस्थांवर व लेखकांवर आली आहे. मेडलाइन, स्कोपस किंवा मुक्त प्रवेश नियतकालिकांची डिरेक्टरी या सूचींत नाव आहे काय, हे त्या सूचींच्या मूळ संकेतस्थळावर पाहावे. नियतकालिकाने स्वतःविषयी केलेला दावा पुरेसा मानू नये. शुल्क आकारले जाते म्हणून नियतकालिक फसवे ठरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अनेक नामांकित मुक्त प्रवेश नियतकालिके शुल्क घेतात, परंतु ते आधीच जाहीर करतात आणि परीक्षणाशी त्याचा संबंध ठेवत नाहीत.

हस्तलिखिताची रचना

मूळ संशोधनावरील निबंधाचे चार भाग असतात : प्रस्तावना, कार्यपद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. प्रस्तावनेत प्रश्न कोणता व तो का विचारला, एवढेच थोडक्यात येते. कार्यपद्धती इतकी स्पष्ट असावी की दुसऱ्या संशोधकाला तोच अभ्यास पुन्हा करता यावा. निष्पत्तीमध्ये केवळ आकडे व तथ्ये येतात, त्यांचा अर्थ चर्चेत लावला जातो. अभ्यासाच्या मर्यादाही चर्चेतच मांडल्या जातात. त्या लपविल्याने निबंध बळकट होत नाही, उलट परीक्षकाचा विश्वास उडतो. सारांश शेवटी लिहावा, मात्र सर्वाधिक काळजीने लिहावा. कारण बहुसंख्य वाचक तेवढाच भाग वाचतात.

अभ्यासाच्या प्रकारानुसार तपासणीसूची ठरलेल्या आहेत. यादृच्छिक चाचण्यांसाठी ‘कन्सॉर्ट’, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’, पद्धतशीर आढाव्यांसाठी ‘प्रिझ्मा’ आणि एखाद्या रुग्णाच्या वृत्तांतासाठी ‘केअर’ या सूची वापरल्या जातात. यांतील ‘केअर’चा आयोगाच्या त्याच नावाच्या यादीशी संबंध नाही. ‘कन्सॉर्ट’नुसार किती रुग्ण तपासले, किती चाचणीत घेतले आणि किती मध्येच गळाले, याचा प्रवाहतक्ता द्यावा लागतो. रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील द्यायचा असेल, तर प्रकाशनासाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी लागते. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपते, हा समज चुकीचा आहे.

मजकूर स्वतःच्या शब्दांत असणे अपेक्षित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. तथापि नियतकालिके केवळ टक्केवारीवर विसंबत नाहीत. निष्पत्ती किंवा चर्चेतील एक उचललेला परिच्छेदही निबंध नाकारण्यास पुरेसा ठरू शकतो.

सादरीकरण आणि परीक्षण

आता जवळपास सर्व नियतकालिके संगणकीय प्रणालीद्वारे निबंध स्वीकारतात. संपर्काची जबाबदारी घेतलेला लेखक त्यावर खाते उघडतो. अनेक ठिकाणी त्याचा १६ अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक मागितला जातो. सोबत संपादकांना उद्देशून पत्र, नैतिकता समितीच्या परवानगीचा तपशील, हितसंबंध व निधीस्रोत यांचे प्रकटीकरण आणि सर्व लेखकांची मान्यता जोडावी लागते. लेखकांची ओळख परीक्षकांपासून लपविण्याची पद्धत असेल, तर शीर्षकपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये द्यावे लागते आणि मजकुरात संस्थेचे नाव राहू नये याची दक्षता घ्यावी लागते.

पहिली चाळणी संपादकांची असते. विषय नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचा असणे, शब्दमर्यादा ओलांडणे किंवा सूचनांचे पालन न करणे या कारणांवरून अनेक निबंध येथूनच परत येतात. पुढे गेलेला निबंध बहुधा दोन किंवा अधिक तज्ज्ञांकडे जातो. यालाच ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात. या प्रक्रियेला काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो.

निर्णय स्वीकृती, किरकोळ सुधारणा, मोठ्या सुधारणा किंवा नकार अशा चार प्रकारचा असतो. पहिल्याच फेरीत विनाबदल स्वीकृती क्वचितच मिळते. ‘मोठ्या सुधारणा’ हा शब्दप्रयोग पाहून अनेक नवखे लेखक निबंध बाजूला ठेवतात; वस्तुतः तो संवादाचे निमंत्रण असतो. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा क्रमाने उद्धृत करून त्याखाली उत्तर आणि केलेल्या बदलाचा पृष्ठ व ओळ क्रमांक द्यावा. एखादी सूचना अयोग्य वाटल्यास सकारण, संयत शब्दांत असहमती नोंदविता येते. नकार आल्यास परीक्षकांच्या सूचना विचारात घेऊन, नव्या नियतकालिकाच्या नियमांनुसार निबंध पुन्हा बांधावा.

प्रकाशनानंतरची जबाबदारी

स्वीकृतीनंतर मुद्रितशोधनासाठी प्रत येते. औषधाच्या मात्रेतील दशांश चिन्ह सरकले, तरी रुग्णाच्या जिवावर बेतू शकते; म्हणून ही तपासणी औपचारिकता मानू नये. छापल्यानंतर चूक आढळल्यास ती स्वतःहून संपादकांना कळविणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. अशा प्रसंगी शुद्धिपत्र प्रसिद्ध होते. निष्कर्षच अविश्वसनीय ठरल्यास निबंध मागे घेतला जातो.

त्याची गंभीर उदाहरणे इतिहासात आहेत. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित करणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापला गेला. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. तोवर अनेक पालकांचा लसीवरील विश्वास डळमळला होता. कोविड साथीत, मे २०२० मध्ये, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनविषयीचा निबंध याच नियतकालिकात आला. त्यामागील रुग्णनोंदींची स्वतंत्र तपासणी होऊ शकली नाही आणि सुमारे दोन आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबविला होता. नामवंत नियतकालिकाचे परीक्षणही चुकीपासून पूर्ण संरक्षण देत नाही, हे यातून दिसून आले.

म्हणूनच मूळ नोंदी, संमतिपत्रे आणि विश्लेषणाच्या फाइली प्रकाशनानंतरही जपून ठेवणे अपेक्षित असते. संपादकाने किंवा वाचकाने शंका उपस्थित केल्यास त्या दाखविता आल्या पाहिजेत. महाडचे डॉ. बावस्कर यांनी १९८० च्या दशकातील निरीक्षणांवर समाधान मानले नाही. विंचूदंशावर प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याची तुलना केवळ प्राझोसिनशी करणारी ७० रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. एकत्रित उपचाराने रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे तीत आढळले. आपल्याच जुन्या उपचाराला चाचणीच्या कसोटीवर पुन्हा घासून पाहणारा तो निबंध ग्रामीण भागातील एका लहान रुग्णालयातून गेला होता.