लक्ष्यवेधी औषधोपचार, कर्करोगावरील
कर्ककोशिकांच्या वाढीस कारणीभूत होणारा विशिष्ट रेणू हेरून त्याचेच कार्य रोखणाऱ्या औषधांच्या उपचारास लक्ष्यवेधी औषधोपचार म्हणतात. रूढ रासायनी चिकित्सेतील बहुतेक औषधे विभाजन पावणाऱ्या सर्वच कोशिकांवर आघात करतात. त्यामुळे केसांची मुळे, आतड्यांचे अस्तर व अस्थिमज्जा (हाडांच्या पोकळीतील रक्तकोशिका तयार करणारा मगज) यांनाही इजा पोहोचते. लक्ष्यवेधी औषधांचा आघात त्यामानाने मर्यादित असतो. या उपचारपद्धतीची जडणघडण, तिचे यश आणि तिच्या मर्यादा चिरकारी (दीर्घकालीन) मज्जाजन्य रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतात.

पूर्वेतिहास : रोगकारकाला नेमके टिपणारे, पण रुग्णाला अपाय न करणारे औषध असावे, ही कल्पना जर्मन वैद्यक पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी मांडली आणि अशा औषधास त्यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले. तथापि कर्ककोशिका ही बाहेरून आलेली नसून शरीराच्याच कोशिकेपासून उद्‌भवलेली असते. तिच्यात नेमके वेगळे काय आहे हे कळेपर्यंत ही कल्पना कर्करोगाच्या बाबतीत फारशी उपयोगी पडली नाही.

चिरकारी मज्जाजन्य रक्तकर्करोगात श्वेतकोशिकांची बेसुमार वाढ होते व प्लीहा (पानथरी) मोठी होते. रक्तकर्करोगाची आधुनिक वर्णने १८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिन येथे रूडोल्फ फिरखो यांनी केली. त्यानंतर सोमलयुक्त द्रावण, क्ष-किरण, ब्यूसल्फान (१९५३ पासून) व हायड्रॉक्सियूरिया यांचा वापर झाला. या उपायांनी श्वेतकोशिकांची संख्या उतरे, परंतु काही वर्षांनी रोग तीव्र स्वरूप धारण करी व रुग्ण दगावे. पुढे इंटरफेरॉनाने काही रुग्णांचे आयुष्य वाढले. अस्थिमज्जारोपणाने रोग समूळ बरा होऊ शके, पण त्यासाठी जुळणारा दाता लागे व शस्त्रक्रियेइतकाच नव्हे, तर त्याहून अधिक धोका पत्करावा लागे.

लक्ष्याचा शोध : १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोग्यांच्या कोशिकांत एक असाधारण आखूड गुणसूत्र आढळले. त्या शहरावरून त्यास ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. या गुणसूत्राचा तुकडा नाहीसा झालेला नसून नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे शिकागो येथील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. १९८० नंतरच्या दशकात असे निष्पन्न झाले की, या अदलाबदलीमुळे एबीएल व बीसीआर हे दोन जीन (आनुवंशिक एकके) एकमेकांस जोडले जातात. या संयुक्त जीनापासून बनणारे प्रथिन हे टायरोसीन कायनेज वर्गातील एंझाइम असून ते सतत कार्यरत राहते व कोशिकेला विभाजनाचा संदेश अखंड देत राहते. एवढे एकच प्रथिन रोग निर्माण करण्यास पुरेसे आहे, हे १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले.

औषधाची निर्मिती : या एंझाइमाला आपल्या कार्यासाठी एटीपी हा ऊर्जावाहक रेणू लागतो. एटीपीची जागा अडवून एंझाइम निष्क्रिय करणारे संयुग स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निकोलस लायडन, युर्ग त्सिमरमान व त्यांचे सहकारी यांनी तयार केले. ब्रायन ड्रकर यांनी अमेरिकेतील पोर्टलंड येथे त्याची रुग्णांच्या कोशिकांवर परीक्षा केली. रोगाचे रुग्ण थोडे असल्याने औषध व्यापारी दृष्ट्या परवडेल की नाही, याविषयी शंका होती. तरीही ड्रकर यांच्या पाठपुराव्यामुळे जून १९९८ मध्ये मानवी चाचण्या सुरू झाल्या. रोज ३०० मिग्रॅ. वा अधिक मात्रा दिलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तचित्र पूर्ववत झाले. ही वार्ता पसरताच औषधाचा पुरवठा वाढवावा, असे तीन हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन १९९९ मध्ये रुग्णांच्या पुढाकाराने कंपनीकडे गेले. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, इमॅटिनिबाने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्व : हे औषध रोगाचे मूळ उखडत नाही, तर त्याला दाबून ठेवते. म्हणून रोगी मधुमेहाच्या रोग्याप्रमाणे दीर्घकाळ रोज गोळी घेतो. प्रकृती चांगली वाटते म्हणून मात्रा चुकविल्यास रोग बळावू शकतो. त्यामुळे संयुक्त जीनाचे रक्तातील प्रमाण ठराविक काळाने मोजावे लागते. औषध लक्ष्यवेधी असले, तरी निरुपद्रवी नसते : डोळ्यांभोवती सूज, स्नायूंत पेटके, मळमळ, पुरळ इ. त्रास संभवतात व गर्भारपणी ते टाळावे लागते. एंझाइमाच्या रचनेत उत्परिवर्तन (आनुवंशिक बदल) झाल्यास औषध निष्प्रभ ठरू शकते, हे २००१ मध्येच आढळले. त्यावर डॅसॅटिनिब (२००६), निलोटिनिब (२००७) व पोनॅटिनिब (२०१२) ही औषधे आली. दोन वर्षांहून अधिक काळ रोगाचा मागमूस न आढळलेल्या रुग्णांत औषध थांबवून पाहिले असता दहांपैकी सुमारे चौघांत रोग उलटला नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच पाहणीत दिसले. मात्र असा प्रयोग कठोर वैद्यकीय देखरेखीखालीच करता येतो.

भारतातील किंमतीचा प्रश्न : नोव्हार्टिस (सीबा-गायगी व सँडोझ यांच्या १९९६ मधील विलीनीकरणातून झालेली कंपनी) हिच्या औषधाचा मासिक खर्च भारतात सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार रुपये होता. २००३ मध्ये नोव्हार्टिसला अनन्य विक्रीहक्क मिळाल्याने स्वस्त औषधाच्या उपलब्धतेस बाध आला. एकस्वाच्या (पेटंटच्या) मागणीला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनेही हरकत घेतली. चेन्नई येथील एकस्व कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज नाकारला. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने गुणकारितेत वाढ होत नसेल, तर एकस्व देता येत नाही, या कायद्याच्या कलम ३ (डी)ला अनुसरून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हाच निर्णय कायम केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये इमॅटिनिबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मर्यादा : स्तनाच्या काही कर्करोगांवरील ट्रॅस्टुझुमॅब (१९९८) आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांवरील गेफिटिनिब ही याच तत्त्वाची उदाहरणे होत. परंतु बहुतेक कर्करोगांत एकाऐवजी अनेक जीन बिघडलेले असतात व त्यामुळे इमॅटिनिबासारखे टिकाऊ यश क्वचितच मिळते. लक्ष्य कोशिकांत आहे की नाही हे तपासल्यावाचून अशा औषधाचा उपयोग होईल की नाही ते सांगता येत नाही. त्यामुळे योग्य तपासणी, नियमित सेवन व परवडणारी किंमत या तिन्ही गोष्टी साधल्या, तरच या उपचाराचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचतो.