पेठ इस्लामपूरचा बॉक्सर

अवसरी खुर्दच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी मुरलीकांत पेटकरांची हकिकत हटकून सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर मिसरूड फुटायच्या आत लष्कराच्या बॉईज बटालियनमध्ये दाखल झाले. तिथे त्यांनी बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. १९६५च्या युद्धात मात्र गोळ्यांनी शरीराची चाळण झाली आणि पाय लुळे पडले. ठोसे संपले, पण खांद्यांत बॉक्सरचा जोर होता. तोच त्यांनी पाण्यात लावला. १९७२, हायडेलबर्ग: ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली ती थेट २०१८ साली. ४६ वर्षांचा हा उशीर अक्षम्यच म्हणायला हवा.