प्रिंटरची वटणावळ

२००६ च्या दिवाळीतली गोष्ट. चांदवडच्या घरी सगळे जमलो होतो. अप्पांनी वहीत लिहिलेल्या गावाच्या आठवणी मी टाइप करून नेल्या होत्या. पाडव्याला छापून त्यांच्या हातात ठेवायच्या होत्या. घरात प्रिंटर एकच, भावाच्या विंडोजला जोडलेला. माझ्याकडे लिनक्स.

तरी प्रिंटर मला दिसत होता, तो 'सांबा'मुळे. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास, नेटवर्कवरून जाणारी बोलणी ऐकून ऐकून हा प्रोग्राम लिहायला घेतला. त्यामुळे विंडोज आणि युनिक्स-लिनक्स एकमेकांचे प्रिंटर वापरू लागले.

छापायला दिलं आणि पानांमागून पानं इंग्रजी आज्ञांनी भरून आली! माझं मशीन पाठवत होतं पोस्टस्क्रिप्ट, ही अडोबीची १९८४ ची भाषा. आमच्या स्वस्तातल्या प्रिंटरला ती कळत नव्हती. आली ती अक्षरं त्याने तशीच उमटवली. मधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, त्या मॉडेलसाठी फक्त विंडोजचा होता.

अप्पा हसले. म्हणाले, "अरे, चांदवडी रुपयाचं असंच होतं."

आमच्या गावात होळकरांची टांकसाळ होती. तिथला रुपया चांदीचाच, पण त्या काळी मुलखामुलखाची नाणी वेगळी. परक्या पेठेत गेलात की सराफ नाणं पारखणार, बट्टा कापणार, मगच व्यवहार. १८१८ मध्ये चांदवड होळकरांकडून इंग्रजांकडे गेलं. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. सराफाची वटणावळ हळूहळू संपली, आणि चांदवडीही संपला.

प्रिंटरचं नाणंही पुढे एक झालं. १९९९ मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल आला. त्याच वर्षी मायकेल स्वीटने त्यावर बेतलेलं 'कप्स' आणलं आणि २००२ मध्ये ऍपलने ते मॅकमध्ये घेतलं. पण पानाची भाषा प्रत्येक प्रिंटरची वेगळीच राहिली. २०१० चं एअरप्रिंट आणि २०१३ चं 'आयपीपी एव्हरीव्हेअर' यांनी तीही ठरवून दिली, तेव्हा कुठे ड्रायव्हरची गरज सरली. यातलं आयपीपी कुणी जिंकून लादलेलं नाही. कंपन्यांचे लोक एकत्र बसले, नियम लिहिले आणि कुणालाही वाचता येतील असे ठेवले. कंपनी सरकारच्या रुपयात आणि यात मला हा फरक मोठा वाटतो.

तरी बट्टा कुणाला तरी बसतोच. आमचा तो प्रिंटर माळ्यावर आहे. धडधाकट आहे, पण नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर निघालाच नाही.

त्या पाडव्याला शेवटी पेनड्राइव्ह घेऊन भावाच्या खुर्चीत बसलो, फॉन्ट टाकला आणि छापलं. अप्पांनी पानं वाचली आणि पेनाने दोन चुका दुरुस्त केल्या. आता अप्पा नाहीत. यंदा भाचीने तीच पानं मोबाइलवरून छापली, अर्ध्या मिनिटात. दुरुस्त्या मात्र त्या जुन्या कागदावरच आहेत.