दोषांची उघडी वही

श्रोतेहो, तक्रार-वही हा प्रकार तुमच्या परिचयाचा असेलच. बहुतेक कचेऱ्यांत ती असते, आणि बहुधा कपाटात असते. मी स्वतः एकदा एका कचेरीत ती मागितली, तर कारकुनाने कपाटाची किल्ली शोधण्यात पाऊण तास घालवला आणि वर विचारले, "गुरुजी, काय लिहिणार ते आधी सांगा की!" वही उघडून पाहतो तो शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. तिचे पुढे काय झाले, कोणी वाचली, कोणी उत्तर दिले, याचा मागमूस नाही.

आज मी ज्या वहीची हकीगत सांगणार आहे ती याच्या अगदी उलट आहे. ती कागदाची नाही, संगणकावरची आहे. १९९४ साली ती सुरू झाली. जगातला कोणीही माणूस तिच्यात तक्रार लिहू शकतो, आणि कोणीही माणूस दुसऱ्याने लिहिलेली तक्रार व तिच्यावरचे उत्तर वाचू शकतो. ही वही आहे 'डेबियन' या संस्थेची.

डेबियन म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. संगणक हे नुसते यंत्र. ते चालवायला सूचनांचा एक मोठा संच लागतो, त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक नावाच्या तरुणाने ऑगस्ट १९९३ मध्ये असा एक संच सर्वांनी मिळून उभारण्याची घोषणा केली. त्याच्या मैत्रिणीचे नाव डेब्रा. ती पुढे त्याची पत्नी झाली. डेब्रा आणि इयन मिळून झाले डेबियन. हे काम 'ओपन सोर्स' पद्धतीचे, म्हणजे कार्यक्रमाची मूळ संहिता सर्वांना वाचायला मोकळी, दुरुस्त करायला मोकळी, वाटायलाही मोकळी. एखाद्या सुगरणीने पदार्थ तर द्यावाच, पण त्याची कृतीही लिहून हातात ठेवावी, तसे. काम करणारे देशोदेशीचे स्वयंसेवक. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नसतात.

आता जिथे माणसाने लिहिले तिथे चूक आलीच. संगणकाच्या भाषेत चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका यंत्रात खरोखरच पतंग अडकलेला सापडला आणि तो वहीत चिकटवून ठेवला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे. पण शब्द त्यावरून आला हे मात्र खरे नव्हे. एडिसनने १८७८ मध्येच आपल्या यंत्रांतील खोडींना हा शब्द वापरला होता.

डेबियनची ही वही इयन जॅक्सन या दुसऱ्या एका इयनने बांधली. तिची रीत साधी आहे. ज्याला दोष आढळला त्याने ई-मेलने पत्र पाठवायचे. पत्र पोचताच त्याला क्रमांक मिळतो आणि लिहिणाऱ्याला पोच जाते. मग ते पत्र आपोआप योग्य माणसाकडे जाते. डेबियनमध्ये हजारो लहानमोठे कार्यक्रम आहेत, आणि प्रत्येकाला एक किंवा अधिक राखणदार नेमलेले आहेत. राखणदार विचारपूस करतो, दोष स्वतःच्या यंत्रावर घडवून पाहतो, दुरुस्ती करतो, आणि नोंद मिटवतो. नोंद मिटली की तक्रारदाराला तसे कळवले जाते. त्याचे समाधान झाले नाही तर ती पुन्हा उघडता येते. एकाच दोषाच्या दहा तक्रारी आल्या तर त्या एकत्र बांधतात, आपल्याकडे जुन्या दप्तरांत एका प्रकरणाचे कागद एका रुमालात बांधत तसे.

यात खरी कसोटी लागते ती तक्रार लिहिणाऱ्याची. जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन "बैल बरा नाही" एवढेच सांगितले तर तो बिचारा काय करणार? कधीपासून बरा नाही, काय खाल्ले, रवंथ करतो का, हे सांगावे लागते. तसेच इथे. मी अमुक केले, तमुक होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात भलतेच झाले, माझ्याकडचा कार्यक्रम अमुक आवृत्तीचा आहे, एवढे लिहिले की निम्मे काम झाले. "तुमचा कार्यक्रम चालत नाही" अशी पत्रे येतातच. त्यांना उत्तर देणे हे फार चिकाटीचे काम असते.

प्रत्येक तक्रारीची तीव्रताही ठरवलेली असते. सर्वांत खालची पायरी नुसत्या इच्छेची: 'असे असते तर बरे झाले असते.' सर्वांत वरची पायरी संबंध यंत्र बिघडवणाऱ्या किंवा साठवलेली माहिती नष्ट करणाऱ्या दोषाची. अशा एकंदर सात पायऱ्या आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवरचे दोष शिल्लक असले तर नवी आवृत्ती अडून राहते. डेबियनची आवृत्ती ठरलेल्या मुहूर्तावर निघत नाही अशी थट्टा वर्षानुवर्षे होत आली, तिचे एक कारण हेच.

१९९७ साली या मंडळींनी आपला एक जाहीरनामा केला. त्यात एक कलम असे आहे की आम्ही आमचे दोष लपवणार नाही, दोषांची वही सदैव सर्वांसाठी उघडी राहील. सुरक्षिततेचे काही दोष तेवढे दुरुस्ती तयार होईपर्यंत थोडा काळ गुप्त ठेवतात. दाराची कडी मोडली आहे हे ती बसवण्याआधी दवंडी पिटून कोण सांगेल? २०२१ च्या अखेरीस या वहीतील क्रमांकांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला.

पण श्रोतेहो, वही उघडी असली म्हणजे सगळे सुरळीत होते असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. क्रमांक ३६३५१६ ची कथाच ऐका.

एप्रिल २००६ मध्ये ही तक्रार नोंदली गेली. विषय होता 'ओपनएसएसएल' नावाचा कार्यक्रम. संगणकांमधला व्यवहार तिसऱ्याने वाचू नये म्हणून जी गुप्त कुलूपकिल्ली लागते, ती घडवणारा हा लोहार म्हणा. किल्ली चांगली व्हायची तर तिचे दाते अगदी बेभरवशाचे, कोणालाही न ओळखता येणारे असावे लागतात. त्यासाठी हा कार्यक्रम इकडून तिकडून यदृच्छेने मिळालेले आकडे एका हौदात ओतून घुसळत असे.

तक्रारदाराचे म्हणणे सरळ होते. कार्यक्रमांचे दोष हुडकणारे 'व्हॅलग्रिंड' नावाचे साधन आहे, ते ओपनएसएसएलवर चालवले की इशाऱ्यांचा पाऊस पडतो. कारण संगणकाच्या स्मृतीतील ज्या जागेत अजून काही लिहिलेलेच नाही, तिथला केरकचराही हा कार्यक्रम त्या हौदात टाकतो. डेबियनच्या राखणदाराने मुळाशी जाऊन पाहिले. दोन ठिकाणच्या दोन ओळी, दिसायला अगदी सारख्या. त्या काढल्या की इशारे बंद होतात.

त्याने घाई केली नाही, हे लक्षात घ्या. ओपनएसएसएल ही डेबियनची निर्मिती नव्हे. तिचा उगम दुसऱ्या मंडळींकडे. मे २००६ मध्ये त्याने उगमाकडच्या त्या मंडळींना विचारले. या दोन ओळी काढाव्यात असे वाटते, पण त्याचा परिणाम काय होईल हे आपल्याला ठाऊक नाही, असेही प्रांजळपणे लिहिले. तिकडून एकाने कळवले की फारसा परिणाम होणार नाही, दोष शोधायला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही. विचारणारा काढून टाकण्याबद्दल विचारत होता आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात बहुधा तात्पुरत्या तपासणीपुरतीच गोष्ट होती. दोघेही सज्जन, दोघेही सौम्य, आणि दोघांचे बोलणे एकमेकांच्या शेजारून निघून गेले! दुरुस्ती झाल्यावर ती उगमाकडच्या मंडळींना दाखवून पक्की करून घेतली असती तर कदाचित कोणाच्या तरी ध्यानात आले असते. ते घडले नाही.

त्या दोन ओळींपैकी एक खरोखरच केरकचऱ्याची होती. दुसरी मात्र अशी होती की हौदात पडणारे सारे आकडे तिच्याच तोटीतून येत. सप्टेंबर २००६ मध्ये दोन्ही काढलेली आवृत्ती निघाली आणि तोटी बंद झाली. उरला एकच आकडा, संगणक चालू कामाला देतो तो अनुक्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या, ठरावीक प्रकारच्या किल्ल्या सुमारे तेवढ्याच निघणार. अब्जावधींच्या अब्जावधी किल्ल्या जिथे असायच्या तिथे तेहतीस हजारही नाहीत! कोणी भामट्याने त्या सगळ्या आधीच घडवून जुडग्यात ओवून ठेवल्या तर त्याला कोणतेही दार उघडायला किती वेळ लागेल? शिवाय डेबियनवरून तयार केलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींतही हा दोष उतरला.

हे सारे उघड्यावर घडत होते. बदललेली संहिता उघडी, वहीतील नोंद उघडी, उगमाकडची चर्चा उघडी. तरी सुमारे वीस महिने कोणाला दिसले नाही. माझे मत विचाराल तर सर्वांना दिसेल अशा जागी ठेवलेली वस्तू प्रत्येकजण दुसऱ्याने पाहिली असेल असे समजून पुढे जातो. आपल्या गावातील सार्वजनिक विहिरीचा कठडा बघा ना. शेवटी लुसियानो बेल्लो या डेबियनच्याच अर्जेंटिनी सहकाऱ्याच्या हे लक्षात आले. दुरुस्ती तयार होईपर्यंत ती गोष्ट झाकून ठेवली, आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर निवेदन काढले.

त्यात सारवासारव नव्हती. चूक आमच्या बदलामुळे झाली, कोणत्या आवृत्तीपासून झाली, तेव्हापासून घडवलेल्या किल्ल्या टाकून नव्या घडवा, असे स्वच्छ सांगितले. कच्च्या किल्ल्या ओळखण्याचे साधनही दिले. जगभरच्या संगणक सांभाळणाऱ्यांना तो सारा आठवडा कुलपे बदलण्यात घालवावा लागला असेल. एकाची किल्ली दहा ठिकाणी लावलेली, ती ठिकाणे आठवून आठवून जायचे. आणि ज्यांनी डेबियन स्वतः कधी वापरलेच नव्हते, त्यांच्या यंत्रांवरही दुसऱ्या कोणाची तरी तिथे घडलेली किल्ली ठेवलेली असू शकत होती.

मी इतिहासाचा माणूस. एखादी चूक कशी झाली हे शोधताना आम्हाला बहुधा कागदच मिळत नाहीत. मिळतात ते विजयी पक्षाने राखलेले. इथे तक्रार, प्रश्न, उत्तर, बदल, निवेदन, प्रत्येकावर तारीख आहे. ३६३५१६ हा क्रमांक घातला की मूळ पत्र आजही वाचता येते. मे २००८ मध्ये दुरुस्ती करताना तोटीची ओळ तेवढी परत घातली. केरकचऱ्याची ओळ काढलेली ती काढलेलीच ठेवली. तक्रारदाराने जे मागितले होते, ते त्याला मिळाले.