आशाताईंचा लढा : मोबदला नको, पगार हवा

उमरेड तालुक्यातल्या बेला, सिर्सी किंवा मकरधोकड्यात एखाद्या घरी बाळ जन्मलं की काही दिवसांत दारावर हाक येते. आशाताई वजनकाटा घेऊन आलेल्या असतात. बाळाचा जन्म दवाखान्यात झाला असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. या सहा भेटी पूर्ण झाल्यावर त्यांना २५० रुपये मिळतात. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही पडत नाहीत. आशांच्या आंदोलनाचं मूळ या हिशोबात आहे.

आशा म्हणजे कोण?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, त्यातून ही योजना आली. साधारण एक हजार लोकवस्तीमागे एक आशा असते आणि ती त्याच गावात राहणारी असते. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याला गोळ्या, साथीचं सर्वेक्षण ही सगळी कामं तिच्याकडे असतात. मोहल्ल्यातल्या ज्या घरात बाहेरच्या माणसाशी बायका मोकळेपणाने बोलत नाहीत, तिथेही ओळखीची आशा चुलीपर्यंत जाते. महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक वेगळ्या.

खरा वाद शब्दाचा

सरकारी कागदावर आशा ‘स्वयंसेविका’ आहे, कर्मचारी नाही. म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, पेन्शनही नाही. काम मात्र वेळ पाहून येत नाही. रात्री कळा सुरू झाल्या की पहिला फोन तिलाच जातो.

२०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, पण तो निकाल अंगणवाडीपुरता होता. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. संघटनांचं म्हणणं सरळ आहे : सन्मान मिळाला, आता हक्क द्या.

संपाने काय मिळालं?

- जून २०२१ : कोविडच्या काळात राज्यभर संप झाला. आशांना दरमहा १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला.
- मार्च २०२३ : राज्याच्या अर्थसंकल्पात मानधन ३,५०० वरून ५,००० रुपये करण्याची घोषणा.
- ऑक्टोबर २०२३ : पुन्हा संप. सरकारने ७,००० रुपये वाढ जाहीर केली आणि संप मागे घेतला गेला, पण शासन निर्णय निघाला नाही.
- १२ जानेवारी २०२४ : त्याच आश्वासनासाठी पुन्हा बेमुदत संप. फेब्रुवारीत राज्यभरातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या.
- मार्च २०२४ : ७,००० ऐवजी ५,००० रुपये वाढ मंजूर झाली, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. राज्याचा वाटा १०,००० रुपये झाला.

सिटू, आयटक यांसारख्या संघटना कृती समितीत एकत्र आल्या, म्हणून एवढं तरी पदरात पडलं. उमरेडहून आझाद मैदान लांब आहे. मात्र हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, त्यामुळे आशा आणि अंगणवाडी सेविकांचे मोर्चे या जिल्ह्याला नवे नाहीत.

अजून काय बाकी?

कर्मचाऱ्याचा दर्जा, किमान वेतन, दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे आणि म्हातारपणाची सोय. पैसे दोन-तीन महिने अडकले की किराणा उधारीवर आणावा लागतो, मुलांची फी थांबते. यातली कितीतरी घरं एकट्या बाईच्या कमाईवर चालतात.

आपण काय करू शकतो?

संपाच्या काळात लसीकरण लांबलं तर राग आशाताईवर काढू नका, थेट उपकेंद्रात चौकशी करा. भेट झाली असेल तरच तिच्या कार्डावर सही करा, आणि झाली असेल तर सही टाळू नका, कारण तिचा मोबदला त्या नोंदीवर निघतो. ग्रामसभेत तिच्या थकलेल्या पैशांचा विषय काढा. आपल्या बाळाचं वजन करायला ती उन्हातान्हात येते. तिच्या हक्कासाठी दोन शब्द बोलणं आपल्याला जड जाऊ नये.