टाकलेल्या बायका : ओवीपासून परिषदेपर्यंत

नवऱ्याने टाकलेल्या बाईचे दुःख पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आधी जात्यावर बोलले गेले. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या ओव्यांत पहाटे दळणाऱ्या बायका रामाने वनात धाडलेल्या गर्भार सीतेची कड घेतात. हे धाडस लहान नव्हे.

या दुःखाला चव्हाट्यावर जागा मिळायला मात्र फार उशीर झाला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या संगमनेरला १९८८ मध्ये कार्यकर्त्या निशा शिवूरकर आणि समता आंदोलन या संघटनेने परित्यक्तांची परिषद भरवली. पोटगीचा प्रश्न जिवावरचा होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ नुसार बायकोला महिना ५०० रुपयांहून अधिक पोटगी मिळत नसे. ही मर्यादा २००१ मध्ये उठली. तोवर कितीजणींनी माहेरच्या पडवीत, रोजंदारीवर मुले वाढवली होती.